ईथरच्या खोलीत विस्तव

"खाली ठेवू नका! अहो बाय, खाली नका ठेवू!"

ओरडत होते ती मी. माझा आवाज तेव्हा असा होता, की पालघरात हाक मारली तर माकुणसारला माझी आई ताट वाढायला घ्यायची. पण त्या सकाळी तो आवाज चार पावलांवर उभ्या असलेल्या बाईच्या कानात शिरत नव्हता. तिच्या हातात मातीचं खापर होतं. खापरात लालबुंद निखारे आणि निखाऱ्यांवर मीठ, मोहरी, मूठभर सुक्या मिरच्या. समोर टेबलावर तिचा मुलगा, पोट उघडलेलं. डॉक्टरांचे दोन्ही हात मनगटापर्यंत त्या पोटात. माझा डावा हात त्याच्या जबड्याखाली, उजव्या हातात ईथरची बाटली.

"कोणी सोडली हिला आत?" डॉक्टर गरजले.

"वरडू नका," बाई म्हणाली. "पोराची दिष्ट काढते नि जाते."

आणि खापर जमिनीवर ठेवायला ती वाकली.

ईथर म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक आहे, ते आत्ताच दाराकडे धावले असतील. बाकीच्यांसाठी सांगते. बाईला तिथेच वाकलेली राहू दे. मी त्या क्षणात इतकी वर्षं अडकून पडले आहे, तुम्ही दोन मिनिटं थांबलात तर बिघडत नाही.

साठच्या दशकात आमच्याकडे भूल द्यायला वेगळा डॉक्टर नव्हता. डहाणूपासून विरारपर्यंत शोधला असता तरी मिळाला नसता. भूल द्यायची ती सिस्टरने. मी एका मिशनच्या दवाखान्यात एका कडक मॅडमच्या हाताखाली शिकले. त्या सांगायच्या, "डॉक्टर पेशंटला कापतो, पण पेशंट राहतो तुझ्या ताब्यात." त्यानंतर पालघरच्या एका छोट्या दवाखान्यात मी इतक्या माणसांना झोपवलं, की त्यांना एकाशेजारी एक निजवलं असतं तर रांग पालघरच्या स्टेशनापासून तारापूरच्या किल्ल्याला जाऊन भिडली असती. यात मी थोडी भर घातली असेल. बोईसरपर्यंत तर नक्की गेली असती.

साधनं काय होती? तारेची एक जाळी, चहाच्या गाळणीची थोरली बहीण म्हणा. तिच्यावर गॉजच्या घड्या. ती नाकातोंडावर धरायची आणि बाटलीतून ईथरचा एकेक थेंब सोडायचा. थेंब जलद पडले तर माणूस जातो. हळू पडले तर माणूस टेबलावरून उठतो. यंत्र नाही, पडदा नाही, काटा नाही. कानाने श्वास ऐकायचा. जबड्याखालच्या बोटाने नाडी धरायची. नजर ओठांच्या रंगावर. आणि दर दोन मिनिटांनी पापणी उचलून डोळ्याची बाहुली बघायची. बाहुली बारीक असली तर ठीक. पसरायला लागली तर माणूस फार खोल गेला, किंवा गेलाच. एवढंच आमचं शास्त्र, आणि त्यावर मी लोकांचे जीव तासन् तास बोटावर तोलून धरले. डॉक्टरांच्या नावाची पाटी दारावर होती. माझं नाव ईथरच्या मागणीपत्रावर असायचं.

तऱ्हेतऱ्हेची गिऱ्हाइकं यायची. ताडी पिणाऱ्याला ईथर लवकर चढत नाही हे पुस्तकात एका ओळीत लिहिलंय. मला ते सालवडच्या एका आजोबांनी समजावलं. जाळी तोंडावर ठेवून मी म्हटलं, "आजोबा, एक दोन तीन म्हणा." म्हातारा शंभरावर गेला. दोनशेवर गेला. डॉक्टर भिंतीला टेकले, आया जांभया द्यायला लागली, खिडकीतली माशी उताणी पडली. म्हातारा जाळीखालून म्हणतो, "बाय, माल बरा हाय, पन पातल हाय."

मग तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम सुरू झालं आणि देशभरची माणसं आमच्या टेबलावर यायला लागली. क्रेनला इशारे देणारा एक दांडगा हिंदीवाला बोट चेचून आला. त्याला म्हटलं, "गिनती बोलो." तो म्हणाला, "सिस्टर, गिनती मुन्शी का काम है. हम तो इशारा देते हैं." अर्धवट गुंगीत गेल्यावर त्याने हात वर केला आणि ओरडला, "आरिया! आरिया!" म्हणजे सावकाश खाली सोड. आमच्या डॉक्टरांनी दचकून हातातला चिमटा खरंच सावकाश खाली ठेवला. हे डॉक्टर कधी कबूल करायचे नाहीत. पण मी तिथे होते.

असे किस्से मी रात्रभर सांगेन. लोक हसतात, मलाही बरं वाटतं. पण त्या खापराचा किस्सा मी हसत सुरू करते आणि मध्येच उठून चहा टाकायला जाते.

तर ईथर. ते पेट्रोलसारखं पेटतं हे एक. दुसरं त्याहून वाईट. त्याची वाफ धुरासारखी वर जात नाही. ती हवेपेक्षा जड असते. जाळीतून निसटते, टेबलावरून ओघळते आणि जमिनीवर पाण्यासारखी पसरते. दिसत नाही. घोट्याएवढ्या त्या पाण्यात आम्ही उभे असायचो. म्हणून खोलीत स्टोव्ह नाही, बिडी नाही, कंदील नाही. औजारं उकळायची शेगडी मागच्या पडवीत. दारावर मी स्वतःच्या हाताने तांबड्या रंगात लिहिलं होतं, विस्तव आत आणू नये. अक्षर मोत्यासारखं होतं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी ते दरवाजाचं नक्षीकाम समजून सोडून दिलं. त्यांच्यासाठी पाटीवर चित्र काढावं हे मला सुचलं नाही.

त्या सकाळी किनाऱ्यावरच्या नवापूरहून बैलगाडीतून हरेश्वरला आणलं. पंचविशीचा नाखवा, खांदे दाराच्या चौकटीएवढे. होडी वाळूवर ओढताना जांघेतला हर्निया बाहेर आला आणि अडकला. दोन दिवस तसाच. आतडं पिळलेलं. डॉक्टरांनी हात लावला आणि म्हणाले, "आत्ता उघडलं तर आहे. दुपारी नाही."

सोबत फक्त आई, जानकीबाय. नवरा नाही, दुसरं लेकरू नाही. डोक्यावर पाटी घेऊन बोईसरपर्यंत सुकी मासळी विकणारी बाई. मान अशी ताठ, की पाटी नसतानाही आहे असं वाटावं. तिने मला विचारलं, "तू काय करनार त्याला?" मी घाईत होते. म्हटलं, "झोपवणार." ती माझ्याकडे बघत राहिली. तिला दाराबाहेर, रंग फासलेल्या काचेच्या खिडकीखाली बसवलं आणि दार लोटलं. तिच्याशी मी बोलले ते एवढं एकच वाक्य.

तासभर सगळं नीट चाललं. आतडं अजून जिवंत होतं. डॉक्टर ते हळूहळू मोकळं करत होते, आणि मी थेंब मोजत होते. आया रखमा गरम सलाइन आणायला पडवीत गेली आणि नेमकी दाराची कडी घालायला विसरली. पडवीतल्या त्याच शेगडीतून जानकीबायने निखारे उचलले होते हे नंतर कळलं. रखमा पाठमोरी असताना.

आता पुन्हा त्या वाकलेल्या बाईकडे या.

डॉक्टर ओरडत होते, "बाहेर! बाहेर हो!" आणि त्यांच्या प्रत्येक ओरडण्याने तिची कंबर आणखी खाली जात होती, कारण मांगेलवाड्यातल्या, म्हणजे मासेमारांच्या वस्तीतल्या, बाईला पुरुषाने ओरडून काही करायला लावणं ही गोष्ट अजून घडलेली नाही. डॉक्टरांना हात काढता येत नव्हता. मला जबडा सोडता येत नव्हता, सोडला असता तर हरेश्वरची जीभ मागे पडून श्वास बंद. खापर उचलून नेऊ शकेल असा त्या खोलीत एकच माणूस होता. तीच.

मी बाटलीला बूच ठोकलं. जाळी त्याच्या तोंडावरून काढून ओल्या टॉवेलात गुंडाळली. हे सगळं एका हाताने. खापर आता जमिनीपासून वीतभर वर होतं. ईथर पेटतं तेव्हा आधी निळी लाट येते असं मॅडम सांगायच्या. ती मी कधी पाहिली नव्हती. मी त्या खापराखालच्या फरशीकडे बघत होते आणि मला ती दिसायला लागली होती, शपथेवर सांगते.

शास्त्र सांगायला वेळ नव्हता. तोंडात आलं ते बोलले.

"बाय, जमिनीला टेकवलीस तर नजर परत त्याच्यावरच चढंल! डोक्यावर घे! पाटी घेतेस तशी घे, नि समुद्रात नेऊन टाक!"

ती थांबली. माझ्याकडे वळून बघितलं.

"समुद्रात?"

"समुद्रात. वाटेत कुठं ठेवायची नाय. मागं बघायचं नाय."

असला नियम कुठल्या गावात नाही. मी तो तिथे उभ्या उभ्या बनवला. पण तिला पटला. तिने कंबर सरळ केली, एका हाताने खापर छातीपाशी तोललं, दुसऱ्या हाताने कमरेचा पंचा काढून त्याची चुंबळ वळली, डोक्यावर बसवली, आणि तिच्यावर ते निखाऱ्यांचं खापर चढवलं. मग पाठ फिरवून चालायला लागली. धावली नाही. धावली असती तर एखादी ठिणगी खाली पडली असती. बाजाराला निघाल्यासारखी, एकही निखारा न हलवता, तीन पावलांत दार, चौथ्या पावलात पडवी.

"गेली?" डॉक्टरांनी विचारलं. त्यांचे डोळे मिटलेले होते.

"गेली."

आणि आम्ही सुटलो असं वाटलं तेवढ्यात हरेश्वर खोकला.

मिरच्या! खापर गेलं होतं, पण धूर खोलीत राहिला होता. डॉक्टरांचे डोळे गळायला लागले, माझा घसा पेटला, आणि अर्धवट झोपेतल्या त्या दांडग्या पोराने असा खोकला काढला की डॉक्टर आतडी दोन्ही हातांनी कवटाळून उभे राहिले. मग खोकला थांबला. पण श्वासही थांबला.

तिखट धुराने घसा आतून आवळला जातो. छाती उचलते, पोट आत ओढलं जातं, पण हवा जात नाही. आवाज येत नाही. भूल देणाऱ्याला ओरडणारा पेशंट चालतो. गप्प झालेला चालत नाही.

मी जबडा दोन्ही हातांनी पुढे ओढला. इतका की हाड हातात येईल असं वाटलं. रखमा धावत आली, तिला सांगितलं, "खिडक्या उघड! ऑक्सिजन!" दवाखान्यात ऑक्सिजनचं एकच सिलिंडर होतं आणि त्याची चावी हट्टी. रखमाने ती दातओठ खाऊन फिरवली.

"सिस्टर," डॉक्टर हळू म्हणाले, "रक्त काळं येतंय."

"माहीत आहे."

ओठ जांभळे झाले. कानाच्या पाळ्या काळसर. मी पापणी उचलली. बाहुली पसरत होती. मी तिच्याकडे बघत राहिले. तिथून नजर काढली तर तो जाईल असं मला वाटलं. खोटं नाही सांगत, त्या बाहुलीत मला माझं स्वतःचं तोंड दिसत होतं, नि ते कुणातरी परक्या बाईचं होतं. मी हजारो वेळा म्हटलंय की मला भीती वाटली नाही. आज लिहून टाकते. मी मनातल्या मनात त्याच्या आईला काय सांगायचं त्याचे शब्द जुळवत होते.

मग एक आवाज आला. कोवळ्या कोंबड्याने पहिल्यांदा आरवायचा प्रयत्न करावा तसा, बारीक, फाटका. दुसरा आला. तिसऱ्याला छाती भरली. ओठांवर हळूहळू रंग चढला. बाहुली आकसली.

डॉक्टरांनी आतडं आत सारलं. मग म्हणाले, "शिवू?"

"शिवा," मी म्हटलं. आणि नव्या जाळीवर पुन्हा थेंब सोडायला लागले.

हरेश्वर दुपारी शुद्धीवर आला. आजूबाजूला बघून त्याने पहिली गोष्ट विचारली, "आय कुटं गेली?"

आम्हाला माहीत नव्हतं. मला वाटलं होतं ती अंगणात निखारे टाकेल आणि पायरीवर येऊन बसेल. पायरीवर नव्हती. अंगणात राख नव्हती. रखमा स्टेशनापर्यंत बघून आली. ऊन कलायला लागलं, तेव्हा फाटकातून जानकीबाय आत आली. हात मोकळे, पदर ओला.

"टाकली," ती म्हणाली. "सातपाटीला. वाटेत नाय ठेवली."

मी तिच्या डोक्यावरची चुंबळ उचलली. पालघर ते सातपाटी किती अंतर आहे हे इथल्या वाचकांना सांगायला नको. वाटेत निखारे विझले असतील, पण सुरुवातीचा रस्ता विझले नव्हते. चुंबळ मधोमध करपून भोक पडलं होतं आणि त्या भोकाखाली तिच्या टाळूवरचे केस गेले होते. रुपयाएवढा फोड. मी एका घाबऱ्या घडीला बनवलेलं वाक्य, आणि या बाईने ते डोक्यावर जळत असताना शब्दशः पाळलं. आणि तिचा मुलगा श्वासासाठी झुंजत होता तेव्हा मी तिला दवाखान्यापासून तीन कोस लांब पाठवून दिलं होतं. तो गेला असता तर ती तिथे नसती. हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. माझं मलाच कळलं, आणि त्या धक्क्यातून मी पुरती बाहेर आले असं म्हणवत नाही.

आठवडाभर रोज सकाळी मी तिच्या टाळूला मलम लावायचे. ती पायरीवर बसायची, मी मागे उभी. तो समुद्रात टाकायचा नियम माझाच होता हे मी तिला सांगितलं नाही. तिच्या पश्चात आज इथे सांगतेय. धीट म्हणून माझी ख्याती होती, तिचं हे खरं माप.

हरेश्वरचे टाके काढायच्या दिवशी, मलम लावता लावता, मी आवाजात जमेल तेवढी नरमाई आणून तिला सगळं समजावलं. ईथर कसं पसरतं, निखारा खाली टेकला असता तर तिच्यासकट आम्ही चौघं कसे गेलो असतो. ती मान न हलवता ऐकत होती.

"बाय, तुला मुलाला कुणाची नजर लागली असं वाटलं? टेबलावर तर तो एकटा होता."

"तुजी," ती म्हणाली.

माझं बोट तिच्या केसांत तसंच राहिलं.

"काचंचा रंग नखानं खरवडला नि बगितलं," ती म्हणाली. "तू त्याची पापनी उचलायचीस नि डोल्यात टक लावून बगायचीस. तो पापनी नाय हलवायचा. तू सोडायचीस, परत उचलायचीस. सात येल मोजली. माज्या पोराच्या डोल्यात असं कुनी नाय बगितलं. मी पन नाय बगितलं."

इतकी वर्षं मी माणसांना जिवंत ठेवायला त्यांच्या डोळ्यांत बघत होते. काचेपलीकडून ते कसं दिसतं हा विचार एकदाही माझ्या डोक्याला शिवला नव्हता. माझ्या त्या सगळ्या शहाण्या डोळ्यांमुळेच तिने शेगडीतले निखारे उचलले होते. त्या महिन्यापासून मी प्रत्येक पेशंटच्या माणसाला आधी आत बोलावून दाखवायला लागले, ही जाळी, ही बाटली, हे मी डोळ्यात का बघते. डॉक्टर कुरकुरले. पुढे यंत्र आलं, डिग्रीवाला भूलतज्ज्ञ आला, मला वॉर्डात पाठवलं. त्याने ती रीत पहिल्याच आठवड्यात बंद केली. वेळ जातो म्हणाला.

पण त्या सकाळी पायरीवर मला राग आला होता. खरंच आला होता. माझ्या सगळ्या विद्येला त्या बाईने नजर लावणं ठरवलं होतं. मी जरा चढ्याच आवाजात म्हटलं, "अगं, तो झोपलेला! बोलू शकत नाही, हलू शकत नाही. मी त्याच्या डोळ्यात नाही बघितलं, तर तो बरा आहे का चालला हे मला कळायचं कसं?"

जानकीबायने पदर डोक्यावर घेतला आणि उठली.

"मला इचारायचं," ती म्हणाली. "खिडकीशीच तर उभी व्हती."